सिद्धोधन एंगडेंनी वाचलेली यादी

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत सिद्धोधन एंगडेंना न ओळखणारा माणूस शोधायचा, तर तो कालच बदलून आलेला असला पाहिजे. रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि आता हे घरी बसतील असं त्यांच्या बायकोला, धम्मशीलाबाईंना, भाबडेपणानं वाटलं. ते बसले, पण कॉलनीच्या मैदानाच्या पायरीवर. तिथं जंक्शन क्लबची हॉकी टीम रोज संध्याकाळी सराव करते. स्वतः एंगडेंनी आयुष्यात स्टिक कधी धड धरली नाही. पण जंक्शन क्लबच्या कोणत्या फॉरवर्डनं कोणत्या साली, कोणत्या टोकाला, कुणाच्या पायांमधून गोल मारला हे त्यांना विचारा. थोरल्या मुलाच्या लग्नाची तारीख विचारू नका. त्यासाठी त्यांना बायकोकडे बघावं लागतं.

क्लबात त्यांना एक मान होता, यादी वाचायचा. जानेवारीतल्या स्पर्धेआधीच्या रविवारी संध्याकाळी क्लबच्या व्हरांड्यात टीमची यादी वाचली जाते. ती घडी घालून, सुतळीनं बांधून येते. वाचणाऱ्यानं ती आधी पाहायची नाही, सर्वांसमोर सुतळी सोडायची, गोलीपासून सुरुवात करायची आणि शेवटच्या फॉरवर्डपर्यंत न थांबता वाचायचं. प्रत्येक नावाला लोक "हाय!" म्हणून ओरडतात. व्हरांड्यात जे वाचलं गेलं ते कायम. मग आमदाराचा फोन येवो नाहीतर कुणाचा बाप येवो, यादी बदलत नाही. सव्वीस वर्षं हे काम एंगडेंकडे होतं. गाड्यांच्या आवाजात ओरडून ओरडून कमावलेला गळा होता, आणि मुख्य म्हणजे हा माणूस वाचताना खोटं वाचणार नाही याबद्दल कुणाला शंका नव्हती.

पूर्वी यादी पाच जणांची कमिटी करायची. कमिटी म्हणजे कसली, पाच जणांची पाच तोंडं. कुणाचा भाचा, कुणाचा भाडेकरू, कुणाचा भाऊबंद असं करत टीम व्हायची आणि पहिल्याच फेरीत मार खाऊन घरी यायची. गेल्या वर्षी सात गोल खाल्ले तेव्हा एंगडेंचं डोकं फिरलं. सभेत तेच उभे राहिले आणि म्हणाले, "एका माणसाच्या हातात द्या. व्यंकटराव मॅनेजर होतील. त्यांनी ठरवलं की ठरलं. कुणी हूं का चूं करायचं न्हाई." व्यंकटराव क्लबचे जुने सेंटर हाफ. आता खताचं दुकान चालवतात, मोजकं बोलतात आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघतात. लोकांनी कुरकुर केली, पण एंगडे म्हणतात म्हटल्यावर हात वर केले. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे हीच गोष्ट एंगडेंना लोकांनी शंभर वेळा ऐकवली.

आता बजरंगविषयी सांगितलं पाहिजे. बजरंग हा क्लबचा गोली. वीस वर्षांपूर्वी एंगडेंची ड्यूटी पिंगळीच्या स्टेशनात लागली होती. तिथं ट्रकमधून विटा उतरवताना वरून फेकलेली वीट एका हातानं, न बघता, झेलणारं एक सोळा वर्षांचं पोरगं त्यांना दिसलं. दुसऱ्याच दिवशी त्याला गाडीत घालून त्यांनी पूर्णेला आणलं आणि गोलमध्ये उभं केलं. तेव्हापासून गोल बजरंगचाच. आता तो छत्तीसचा झाला होता, पिंगळीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चांगलं चाललं होतं, पण दर रविवारी सरावाला यायचा आणि सराव झाला की एंगडेंच्या घरी जेवूनच परत जायचा. धम्मशीलाबाई त्याच्यासाठी भाकरी जास्तीची टाकत. पोटच्या पोरांनी एवढी तोंडी लावणी मागितली तर त्यांना वाटीनं मारलं असतं.

ही स्पर्धा बजरंगची शेवटची. त्यानं स्वतःच तसं दिवाळीत सांगितलं होतं. "काका, घरच्या मैदानावर एकदा खेळतो आन् पॅड ठेवून देतो." एंगडेंनी ही गोष्ट मनावर घेतली. ते व्यंकटरावांच्या दुकानात गेले आणि स्पष्ट विचारलं. व्यंकटराव त्यांच्या कपाळाकडे बघत म्हणाले, "काका, फिकीर करू नका. बजरंग खेळतो. शब्द दिला." एवढ्यावर एंगडेंनी थांबायला हवं होतं. पण माणूस उतावळा. त्याच रविवारी भाकरी मोडता मोडता त्यांनी बजरंगला सांगून टाकलं, "पहिलं नाव तुझंच वाचणार हाय मी." न पाहिलेल्या यादीतलं नाव देऊन टाकलं! बजरंग ताटाकडे बघत "हूं" म्हणाला. धम्मशीलाबाईंनी तेवढ्यात नवऱ्याला डोळ्यानं दटावलं, पण तोंडातून निघालेलं परत कुठं घेता येतं.

रविवार आला. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एंगडेंच्या शेजारी नेहमीप्रमाणे दत्तराव बसले होते. दत्तराव जवळच्या गावचे शेतकरी, बावीस एकरांचे मालक, पण सामन्याच्या दिवशी त्यांच्या रानातली मोटार चालू आहे की बंद हे त्यांच्या गड्यालाच माहीत. तीस वर्षं हे दोघं एकाच बाकावर बसून एकमेकांच्या मांडीवर थापा मारत हॉकी बघत आले होते. व्यंकटरावांनी यादी आणून दिली आणि ते मागे खांबाशी जाऊन उभे राहिले.

एंगडेंनी सुतळी सोडली. पहिली ओळ पाहिली. तिथं लिहिलं होतं, भागवत.

भागवत कोण? हिंगोलीकडचा कुणीतरी, दोन महिन्यांपूर्वी क्लबात आलेला. एंगडेंनी खालच्या ओळी पाहिल्या. बजरंग कुठंच नव्हता, राखीव गोलीतसुद्धा नव्हता. आणखी तीन जुनी नावं गेली होती. समोर दोनशे माणसं, आणि तिसऱ्या रांगेत बजरंग, मान खाली घालून. आपण आत्ता "बजरंग" असं ओरडलो तर? व्हरांड्यात वाचलं ते कायम, हा नियम. व्यंकटराव काय करणार होता? एक शब्द, आणि झालं असतं.

पण सव्वीस वर्षं ज्या तोंडानं खरं वाचलं ते तोंड ऐन वेळी वळेना. "गोली, भागवत," एंगडे ओरडले. "हाय!" कुणी म्हटलंच नाही. मग ते न थांबता सगळी यादी वाचून गेले, कारण थांबायचं नाही हाही नियमच. संपली तेव्हा बजरंग तिथं नव्हता.

मग जी जुंपली! चहाच्या हॉटेलात रात्रीचं जेवण विसरून लोक भांडले. एक बाजू म्हणे, व्यंकटराव कसाई हाय, चार जुनी माणसं एका फटक्यात कापली. दुसरी बाजू म्हणे, मग काय सात गोल पुन्हा खायचे? दत्तराव दुसऱ्या बाजूला होते. "एंगडे, उगं तापू नका. बजरंगचा गुडघा पाहिला का? उजवीकडं झेप जायनाच त्याची. त्यातले चार गोल उजव्या कोपऱ्यात गेलेत."

"गुडघा दुखला म्हणून वीस वर्षं खेळलेला माणूस टाकायचा का? निदान सांगायचं तर! शब्द देऊन केसानं गळा कापायचा?"

"मॅनेजरनं टीम बघायची का शब्द? आन् एका हातात द्या म्हणून कोण उभं ऱ्हायलं होतं सभेत?"

हे लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. एंगडे उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "दत्तराव, तुमच्या पोटात बेइमानी हाय. आजपासून तुमच्या शेजारी मी बसणार न्हाई." दत्तराव काहीतरी बोलणार होते. त्यांनी ओठ उघडले, एंगडेंकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारा माणूस, पण त्या दिवशी चहा अर्धा ठेवून मुकाट्यानं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एंगडे खताच्या दुकानात गेले. "व्यंकटराव, शब्द दिला होतात."

"दिला होता," व्यंकटराव म्हणाले. त्यांनी पोत्यांची चिठ्ठी लिहिणं थांबवलं नाही. "टीमसाठी मोडला. तुमीच दिलेलं काम करायलोय, काका."

यानंतरचे चार दिवस एंगडेंनी जिवाचं रान केलं. रात्री झोप नाही. डोळा लागला की तिसऱ्या रांगेतली ती खाली घातलेली मान दिसायची. त्या पोराला आपण वचन दिलं आणि आपल्याच तोंडानं बाहेर काढलं, हे त्यांना खात होतं. बजरंग फोन उचलत नव्हता. साहजिकच आहे, एंगडेंना वाटलं, कोणत्या तोंडानं बोलेल तो आपल्याशी. मग त्यांनी एक कागद केला. बजरंगला घेतल्याशिवाय आम्ही मैदानात पाय ठेवणार नाही. घरोघर फिरून त्यावर एकेचाळीस सह्या घेतल्या. काहींनी सही करताना इकडेतिकडे पाहिलं, काहींनी "जाऊ द्या ना काका" म्हणून पाहिलं, पण एंगडेंचा चेहरा बघून सगळ्यांनी पेन हातात घेतलं. धम्मशीलाबाई म्हणाल्या, "त्याला विचारलं का, त्याला खेळायचंय का?" एंगडे बायकोवर खेकसले. असला प्रश्न कुणी विचारतं का?

शुक्रवारी सकाळच्या पॅसेंजरनं ते पिंगळीला निघाले. खिशात कागद होता. बजरंगला सोबत आणायचं, संध्याकाळी व्यंकटरावांच्या दारात उभं करायचं आणि एकेचाळीस माणसं मागे घेऊन जाब विचारायचा, असा सगळा बेत मनाशी पक्का होता. मधल्या मिरखेल स्टेशनापर्यंत ते बजरंगशी काय बोलायचं तेच जुळवत होते. पहिल्यांदा माफी मागायची हे नक्की होतं. त्याच्या वयाकडे न बघता मागायची.

दुकान उघडं होतं, पण आत कुणी नव्हतं. मागच्या मोकळ्या रानातून चेंडू लाकडावर आपटल्याचा आवाज येत होता. एंगडे भिंतीला वळसा घालून मागे गेले.

दोन बाभळींच्या मधे गोल केला होता. गोलमध्ये भागवत उभा होता. पायात बजरंगचे पॅड होते. आणि बजरंग बारा हातांवरून त्याला चेंडू मारत होता, "उजवा पाय आधी, उजवा! मी तिथंच मेलो, तू मरू नको," असं म्हणत होता आणि हसत होता. कडेला दोन कप आणि बिस्किटांचा पुडा पडला होता.

एंगडेंना पाहून बजरंगच्या हातातली स्टिक खाली आली. भागवतला तो "जरा पाणी पी" म्हणाला. भागवत गेला.

"काका..."

"कधीपासून हाय हे?"

बजरंग पायानं माती उकरत राहिला. मग एकदम बोलून मोकळा झाला. तीन आठवड्यांपूर्वी व्यंकटराव आले होते. गुडघ्याचं त्यानं स्वतःच सांगितलं होतं. भागवतला खेळवा हेही त्यानंच सुचवलं होतं. स्पर्धा झाली की क्लबच्या गोलींना शिकवायचं काम त्याच्याकडे यायचं होतं. सगळं गोडीगुलाबीत ठरलं होतं.

"तीन आठवडे," एंगडे म्हणाले. "त्यातले दोन रविवार तू माझ्या घरी जेवलास."

"सांगायला तोंड उघडना, काका. तुमी लय जीव लावता. म्हणलं असतं मला न्हाई खेळायचं, तर तुमी तिथंच रडले असते."

"मग मला यादी कामून वाचायला लावली?"

बजरंग हळू म्हणाला, "व्यंकटराव म्हणले, काकांनी वाचलं की लोक मानतेत. आधी सांगितलं तर ते वाचणारच न्हाईत."

"आन् तू हो म्हणला."

"हो."

"दत्तरावला ठाऊक होतं?"

बजरंगनं मान हलवली. "त्यांना मीच सांगितलं होतं. तुमाला समजवा म्हणून."

एंगडेंना हॉटेलातले ते मिटलेले ओठ आठवले. दत्तरावांनी सगळ्यांसमोर बेइमान म्हणवून घेतलं होतं, आणि खरं काय ते सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर याच दोनशे माणसांत एंगडेंचं हसं झालं असतं. त्यांच्या खिशात एकेचाळीस सह्या होत्या. त्यातल्या किती जणांनी हे माहीत असूनही कीव येऊन सही केली असेल, हे मोजायची त्यांना हिंमत झाली नाही.

"बसा ना काका. च्या टाकतो. उद्या पहिली मॅच हाय. तुमी आले न्हाई तर मला कसं तरी होईल." बजरंगचा आवाज खरा होता. तेच तर वाईट होतं. त्याला काकांचं वाईट करायचं नव्हतं, व्यंकटरावांनाही नसेल. सगळ्यांनी मिळून शहाणपणानं ठरवलं होतं, फक्त यांना सांगायचं धाडस कुणी केलं नव्हतं.

एंगडेंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मारतील असं बजरंगला क्षणभर वाटलं असावं, तो आकसला.

"मी चार दिवस म्हणत फिरलो, बजरंगला काढलं, बजरंगला काढलं," एंगडे म्हणाले. त्यांचा तो गाड्यांवरून जाणारा आवाज दोन हातांवर ऐकू जाईना. "तुला कुठं काढलं रे कुणी? तू तर आतच हाय. तुमी सगळ्यांनी मिळून मला काढलं."

परतीच्या गाडीला सव्वादोन तास होते. तरी ते चहाला थांबले नाहीत.