मागची सीट नसलेली गाडी

माझा मामा बत्तीस वर्षं गाडीत बसला, पण कायम शेजारच्या सीटवर. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकणारा स्टिअरिंगवर, मामा त्याच्या बाजूला आणि मामाच्या पायाशी मुद्दाम बसवून घेतलेला दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक. अर्ध्या गावाला त्यानं गाडी शिकवली आणि त्याच अर्ध्या गावानं त्याचं नाव हाफक्लच मास्तर ठेवलं, कारण दिवसातून शंभरदा तरी तो "हाफ क्लच! हाफ क्लच!" असं ओरडायचा. मीही त्याच्याकडेच शिकले. अजूनही सिग्नल सुटला की आधी त्याचा आवाज कानात सुरू होतो आणि मग गाडी हलते.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून त्याच्या पायाला तेवढंच एक काम ठाऊक राहिलं होतं. टीव्हीवर कोणी गाडी पळवली की इकडे टेबलाखाली मामाचा पाय दाबला जायचा. त्याच्या खुर्चीपुढच्या सतरंजीला तिथं भोक पडलं. मामीनं ते दोनदा रफू केलं आणि तिसऱ्यांदा खुर्चीच सरकवून टाकली.

मामी शाळेत गणित शिकवायची. तिच्या वर्गात हसायची कोणाची टाप नव्हती. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा तिनं नवऱ्याकडे गाडी शिकायचं ठरवलं. मामानं तिला एकटीला शिकवायला काय हरकत होती? पण पेट्रोल वाचवायचं म्हणून या शहाण्यानं मागच्या सीटवर आणखी तीन शिकाऊ बसवले, आणि त्यातले दोघं मामीचेच जुने विद्यार्थी निघाले. भर चौकात गाडी तीनदा बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कलकलाट. मामा ओरडला, "अक्कल घरी ठेवून आलीस का? उतर खाली!" मागचे तिघं फिदीफिदी हसले. मामी उतरली, दार हळूच लावलं आणि चालत घरी आली.

त्या दिवसापासून मामाच्या गाडीत तिनं पाऊल ठेवलं नाही. भांडण नाही, अबोला नाही, बाकी संसार झकास चाललेला. फक्त कोणाकडे जायचं असलं की मामा गाडीनं निघायचा आणि मामी बसनं. जो आधी पोचेल तो दारात दुसऱ्याची वाट बघायचा आणि मग दोघं जोडीनं आत जायचे. घरात हा विषय कोणी काढत नसे. मी मात्र काढायचे, कारण मला राहवत नाही.

"मामा, सरळ माफी माग की एकदा."

"मागितली ना, तेव्हाच."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, चुकलं माझं. पण क्लच तू खरंच लवकर सोडलास."

अशा माणसापुढे कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे काय करणार?

गेल्या वर्षी त्यानं स्कूल बंद केलं, शिकवायच्या दोन्ही गाड्या विकल्या आणि एका सकाळी माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. "चल. एक गाडी बघायचीय. तुला भाव करता येतो."

वापरलेल्या गाड्यांचं शोरूम होतं. रांगेत सगळ्या पांढऱ्या, करड्या, संसारी गाड्या आणि टोकाला ती एक. पिकल्या लिंबासारखी पिवळी, बुटकी, कापडी छत मागे दुमडून ठेवलेलं. स्पोर्ट्स कार. आत दोनच सीट आणि त्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. वय आठ महिने, आणि किंमत नव्या गाडीच्या निम्मीसुद्धा नाही. मला लगेच संशय आला.

"ठोकलीय का कुठं?"

"नाही हो ताई," सेल्समन म्हणाला. "मालकांना जुळं झालं."

माणसं चार आणि सीट दोन. बिचाऱ्यानं महिन्याभरात गाडी आणून सोडली होती. "बघायला सगळे येतात, फोटो काढतात, घरी विचारून सांगतो म्हणतात. परत मात्र कोणी येत नाही," सेल्समन म्हणाला. मामानं बोनेटवरून हात फिरवला, वाकून दोन सीटच्या मागे नीट बघितलं आणि समाधानानं मान हलवली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतंच. मला त्या हालचालीचा अर्थ तेव्हा कळला नाही.

चक्कर मारून बघायची वेळ आली. सेल्समननं अदबीनं स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडून धरलं. मामा बोनेटला वळसा घालून पलीकडे गेला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. बत्तीस वर्षांची सवय, दुसरं काय! सेल्समनला वाटलं, बडं गिऱ्हाईक आहे, स्वतः चालवत नसेल. तो मुकाट्यानं स्टिअरिंगवर बसला आणि शोरूमच्या आवारातच फेरी सुरू झाली. छत उघडं असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"आरसा बघितला का? नाही बघितला. क्लचवरचा पाय काढा, ती आराम करायची जागा नाही. वळताना बोलायचं नाही. हाफ क्लच! अहो, हाफ!"

तिसऱ्या फेरीला सेल्समनची कॉलर भिजली. गाडी थांबली तेव्हा मामा उतरता उतरता म्हणाला, "ठीक. वळणं अजून कच्ची आहेत. उद्या याच वेळेला या." सेल्समन "हो सर" म्हणून मोकळा झाला आणि मग गाडी नेमकी कोण विकतंय हे आठवून गोंधळला. मी तेवढ्यात किंमत आणखी खाली आणून घेतली. घाबरलेल्या माणसाशी घासाघीस करणं फार सोपं असतं. मामानं मात्र वेगळंच मागितलं. आठ दिवसांत परत आणली तर गाडी परत घेऊ, असं त्याला लेखी हवं होतं.

"परत कशाला?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"तुझी मामी बसली नाही, तर मला एकट्याला काय करायचीय गाडी?"

मामा-मामी आणि मी एकाच इमारतीत राहतो. गाडी तिथल्या आवारात येऊन उभी राहिली तशी सगळ्या मजल्यांवरच्या गॅलऱ्या भरल्या. मामी खाली आली. उत्तरपत्रिका तपासावी तशी तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"केवढ्या मुलासाठी घेतलीत?"

"आपल्यासाठी. येतेस एक चक्कर?"

"मला भाजी आणायचीय."

"भाजीलाच जाऊ की."

"आणि पिशवी कुठं ठेवणार? डोक्यावर?" असं म्हणून ती बसथांब्याकडे गेली.

पुढचे सात दिवस मामा रोज गाडी पुसायचा, रोज विचारायचा आणि रोज तिच्याकडे नवं कारण तयार असायचं. आज ऊन फार, आज वारा फार, आज केस धुतलेत. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं तर मशीन खिडकीपाशी ओढून घेतलं. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मला हसू यायचं आणि मामाचा फार कळवळाही यायचा. दिवसभर हुकूम सोडण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस रोज सकाळी हातात फडकं धरून विनवण्या करत होता.

आठव्या दिवशी सकाळी मी माझ्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी होते. गाडी बरोबर खाली, छत उघडलेलं. मामा कागदांची पिशवी घेऊन स्टिअरिंगच्या बाजूच्या दाराशी आला. मामीही पर्स घेऊन बाहेर पडत होती. ती थांबली.

"निघालात परत करायला?"

"हो."

"मग घेतलीत तरी कशाला? एकदा सांगा तर."

मामाचा आवाज चौकापलीकडे ऐकू जायचा. त्या दिवशी तो इतका हळू बोलला की मला कठड्यावरून वाकावं लागलं.

"हिला मागची सीटच नाही, म्हणून." मग म्हणाला, "म्हणजे, ते तिघं मागे नसते तरी मी ओरडायला नको होतं. माझं चुकलं. क्लचबद्दल मी काही म्हणत नाहीये."

 मामीनं पर्स उघडली, आतून एक कार्ड काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "सरका. मला बसू द्या."

"हे काय?"

"लायसन्स. अकरा वर्षं झाली."

"कोणाकडे शिकलीस?"

"बाजारापलीकडच्या बाईंकडे."

त्या बाई म्हणजे मामाचं गिऱ्हाईक पळवणारं दुसरं स्कूल. मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अजूनही महिन्यातून एकदा जाऊन तासभर चालवते," मामीनं भर घातली, "हात सुटू नये म्हणून."

"तू तर बँकेत जाते म्हणायचीस!"

"बँक त्याच रस्त्यावर आहे."

मामानं लायसन्स उलटंसुलटं करून बघितलं. शेवटी न राहवून म्हणाला, "हाफ क्लच तरी नीट शिकवलाय का त्यांनी?"

"बसा, म्हणजे कळेल."

तो वळसा घालून आपल्या नेहमीच्या जागी बसला. मामीनं पर्स दोघांच्या मध्ये ठेवली, आरसा नीट केला, गाडी सुरू केली. गाडीनं एक गचका खाल्ला आणि फाटकातच बंद पडली.

सगळ्या गॅलऱ्यांतून माना खाली वाकल्या. शिंप्याचे खांदे हलायला लागले. मामानं मान वर करून एकेका गॅलरीकडे असं काही बघितलं की कोणी हूं की चूं केलं नाही. आमच्यातले निम्मे त्याच्याच हाताखालून गेलेले होते. मग तो मामीकडे वळला आणि त्यानं तोंड उघडलं. आता कोणता शब्द बाहेर पडणार हे वर उभ्या प्रत्येकाला पाठ होतं. 

त्यानं तोंड मिटलं. वाकून बूट काढले. मग आधी एक पाय वर ओढून घेतला, मग दुसरा, आणि त्या एवढ्याशा सीटवर, गुडघा दारात अडकवून, तो चक्क मांडी घालून बसला. मधली पर्स उचलून त्यानं मांडीवर घेतली.

"सावकाश," तो म्हणाला. "घाई कुठाय?"

मामीनं पुन्हा गाडी सुरू केली. या वेळी ती पाण्यावरून जावी तशी फाटकाबाहेर गेली. पार कोपऱ्यावर वळेपर्यंत मला वरून दिसत होतं, मामाची मांडी सुटली नाही. गॅलरीत उभ्या उभ्या माझा पाय मात्र फरशीवर गच्च दाबलेला होता.