मी न मागितलेली प्रार्थना

सलग सात रविवार आमच्या मंडळीने मला नोकरी मिळावी म्हणून प्रार्थना केली. मी ती मागितली नव्हती.

चर्चच्या दाराशी एक पत्र्याचा डबा असायचा. ज्याला प्रार्थना हवी त्याने त्यात चिठ्ठी टाकायची आणि उत्तर मिळेपर्यंत दर रविवारच्या उपासनेत सेक्रेटरींनी ती वाचायची. आजारपण, परीक्षा, लग्न, व्हिसा. त्या वर्षांत व्हिसा फार. दर दोन इमारतींमागे एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि मंडळीतली निम्मी तरुण मुलं अमेरिकेच्या वाटेवर होती, निदान तसं सांगत तरी होती. माझं नाव 'नोकरीसाठी' म्हणून पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, चूक झाली असेल. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. उपासना सुटली की बायका गाठायच्या.

"मिळाली का गं?"

"काय?"

"नोकरी."

"हरवली नव्हती."

"असं बोलू नये. प्रभूच्या वेळेनं होतं सगळं."

एकीने तर वर्तमानपत्रातलं कात्रण आणलं. बुधवार पेठेतल्या एका दुकानात फोन घ्यायला मुलगी हवी होती. मी त्यात मिरच्या बांधून ठेवल्या.

नोकरी मी केली होती. परदेशातल्या दवाखान्यांची माहिती दोन वर्षं कॉम्प्युटरवर भरत होते. पंचविसाव्या वर्षी सोडली. सासूबाईंना मधुमेह होता, पायाची जखम भरत नव्हती. हे कारण लोकांना पटायचं म्हणून मी तेच सांगायचे. खरं कारण एवढंच की मला घरी राहायला आवडत होतं. मंडळीच्या तरुण संघात असताना आम्ही सगळे पाचारणाची वाट बघायचो. देव कुणाला कशासाठी बोलावतो, यावर शिबिरांत तासन्‌तास बोलणं चालायचं. कुणी नर्स होऊन दूरच्या पाड्यावर जाणार होतं, कुणी पाळक होणार होतं. मला काहीच ऐकू येत नव्हतं आणि त्याची लाज वाटायची. मग बिबवेवाडीच्या त्या दोन खोल्यांत, एका मंगळवारी तांदूळ निवडताना लक्षात आलं की वाट बघणं मी सोडून दिलं आहे. आवाज वगैरे काही आला नाही. जखम धुवायची होती. खालच्या मजल्यावरची तीन मुलं चार वाजता गणिताला यायची होती, त्यांची आई कारखान्यात जायची. हे सगळं माझ्या हातून नीट होत होतं. हेच आपलं काम, असं मी ठरवलं आणि देवाला तसं सांगितलं.

आणि आता शंभर माणसं त्याच देवाला विनवत होती की हिला यातून सोडव.

सासूबाई निवृत्त नर्स. त्या म्हणाल्या, "मी बत्तीस वर्षं ड्युटी केली. मला घरी बसता यावं म्हणून कुणी प्रार्थना केली नाही. चिठ्ठी कुणाची ते बघ आधी, नुसती भांडी आपटू नकोस."

सातव्या रविवारी मी सेक्रेटरींना गाठलं.

"चिठ्ठ्या गुप्त असतात, बाई."

"माइकवरून वाचता त्या?"

त्यांनी डबा पुढे केला. माझ्या नावाची चिठ्ठी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, कडेला भोकं असलेल्या कागदावर होती. तोच कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरलेला होता. नवरा ऑफिसातून आणायचा. अक्षरही त्याचंच.

आमची ओळख तरुण संघातली, त्यामुळे घरात अरे-तुरे. घरी आल्यावर मी चिठ्ठी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ऑफिसात जेवताना विचारतात, बायको काय करते," तो म्हणाला. "सगळ्यांच्या बायका काही ना काही करतात. मी म्हटलं, शोधतेय."

"मी शोधत नाहीये."

"म्हणून तर. खोटं बोललो ना मी. वाटलं, तुला मिळाली तर ते खोटं राहणार नाही."

म्हणजे खोटं याने बोलायचं, आणि ते खरं करायचं देवाने आणि मी. हे फक्त देवभीरू माणसालाच सुचतं. साधा खोटारडा असता तर बोलून तिथेच थांबला असता.

मंडळीची रीत अशी की चिठ्ठी नुसती मागे घेता येत नाही. ज्याने मागितलं त्यानेच उभं राहून उत्तर मिळाल्याचं सांगायचं आणि उपकारस्तुती करायची.

"मग कर," मी म्हटलं.

आठव्या रविवारी तो उभा राहिला. कान लाल. "माझ्या पत्नीसाठी मी प्रार्थना मागितली होती. तिला विचारलं नव्हतं. तिला नोकरी नको आहे, ती घरी समाधानी आहे. प्रभूची स्तुती असो." मंडळी सवयीने आमेन म्हणाली. बाहेर आल्यावर कात्रणवाल्या बाईंनी माझा हात धरला. "केवढ्या मोठ्या मनाचा नवरा गं तुझा! चारचौघांत कबूल केलं."

सात रविवार मी बिचारी होते. आठव्या रविवारी तो संत झाला. मी जे रोज करत होते त्याबद्दल कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

"आता ऑफिसात सांग," मी त्याला स्कूटरवरच बजावलं.

सोमवारी त्याने सांगितलं. "काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, मजा आहे लेका, रोज ताजा डबा." हे त्याने हसत सांगितलं.

मंगळवारपासून डबा बंद.

"हे किती दिवस?"

"मी घरी काय करते हे तुला सांगता येईपर्यंत."

"माझा चहा चालू राहील ना?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"तुमचा चालू."

त्या शनिवारी मी मंडईला गेले आणि मुद्दाम संध्याकाळ करून परतले. जखम त्याने बांधली होती. आईच्या शिव्या खात, पण बांधली होती. तीन मुलांना अपूर्णांक शिकवताना त्याचा आवाज बसला होता.

पुढच्या गुरुवारी तो दारातूनच म्हणाला, "आज नव्या साहेबांनी विचारलं." मी भांडी घासत होते, वळले नाही. "मी म्हटलं, आईची जखम सहा महिन्यांत तिने भरत आणली. तीन मुलांना शिकवते, त्यातलं एक पहिल्यांदाच गणितात पास झालं. हे ती ठरवून करते."

"मग?"

"ते फाइल चाळायला लागले."

"आणि तू?"

"मी या वेळी मान खाली घातली नाही."

दुसऱ्या दिवशी डबा दिला. भाजी कारल्याची.