चौकशीताईंना कुणी नाही म्हणत नसे

लोकांच्या घरात शिरून त्यांच्या सुखदुःखाची विचारपूस करायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असंही काम जगात असतं हे चौकशीताईंच्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "भोचकपणाला पगार?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या. खरं तर काम सरळ होतं. ताईंची संस्था वस्तीवस्तीत कामं काढायची, कुठे नळ, कुठे पाळणाघर, कुठे रस्त्यावर दिवे. काम उरकलं की त्यानं माणसांचं भलं झालं की वाटोळं, हे बघून यायला ताईंना धाडायचे. आधी लोक त्यांना चौकशीबाई म्हणत, तेही पाठीमागे. पुढे बाईची ताई झाली आणि लोक तोंडावर म्हणू लागले.

त्यांच्या जिभेवर साखर होती. कागद पिशवीतून आधी निघायचेच नाहीत. आधी गुडघ्यांची चौकशी, मग मुलाच्या परीक्षेची, मग मोडलेल्या आणि पुन्हा जुळलेल्या लग्नाची. पाणी दिलं तर पेला रिकामा करून ठेवायच्या, घोट घेऊन बाजूला सारायच्या नाहीत. एवढं झाल्यावर हळूच प्रश्नांना सुरुवात, आणि तीही अशी, की समोरच्याला वाटावं गप्पाच चालल्यात. त्यांच्या तोंडावर दार आपटलंय असं कधी झालं नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवायचे कष्ट त्या घेत नसत.

समोरच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याच्या तोंडावर मात्र दारं आपटत. कचेरीत त्याला सगळे एरंडेल म्हणायचे, कारण चेहरा कायम नुकतंच चमचाभर पाजल्यासारखा. दारातच उभा राहायचा, पाणी नको म्हणायचा, प्रश्न वाचायचा, उत्तर लिहायचा आणि चालू पडायचा. त्याच्या कागदांवर तक्रारीच तक्रारी. "यांचं तोंड बघूनच लोकांना आपली दुखणी आठवतात," असं ताई म्हणायच्या आणि सगळी कचेरी हसायची. एरंडेल हसायचा नाही, पण रागवायचाही नाही.

मग कारागीर भवन झालं. मोठ्या रस्त्याच्या फुटपाथवर बरीच वर्षं दुरुस्तीवाले बसत. चपला शिवणारा, किल्ल्या करणारा, छत्र्यांच्या काड्या बसवणारा आणि रफूवाले काका. ऊन-पावसात त्यांचे हाल, आणि चालणाऱ्यांना रस्त्यावरून चालावं लागे, म्हणून त्यांचे हाल. संस्थेनं मागच्या गल्लीत इमारत उठवली. फरशी, नळ, स्वच्छतागृह, ज्याला त्याला शटरचा गाळा. हेतू वाईट नव्हता. वाईट हेतूनं इतकं नुकसान करायला फार अक्कल लागते.

पहिल्यांदा पाहणीला एरंडेल गेला. गिऱ्हाईक येत नाही, आत उजेड नाही, आम्हाला परत जायचंय, असं लिहून घेऊन आला. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, कारण याच धर्तीवर दुसरं भवन बांधायचं ठरत होतं. मोठ्या हॉस्पिटलबाहेर बसणाऱ्या दुरुस्तीवाल्यांना तिथे हलवायचं होतं. साहेब ताईंना म्हणाले, याला लोकांशी बोलता येत नाही, तुम्हीच एकदा जाऊन या. ताईंनी आपल्या सहकाऱ्याच्या बाजूनं एक शब्द बोलायला हवा होता. त्या म्हणाल्या, "माझ्याशी बोलतील."

आणि बोललेच. दुसऱ्या मजल्यावर, जिन्यामागच्या गाळ्यात रफूवाले काका ट्यूबलाइटखाली बसले होते. ताईंना बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतः उठून स्टूल पुसलं. ताईंच्या लग्नातल्या शालीला सिगारेटनं पडलेलं भोक त्यांनीच बुजवलं होतं. त्याच शालीच्या आतल्या दुमडीतून धागा काढून असं विणलं होतं, की पुढे भोक कुठे होतं हे ताईंनाही सापडेना. बराच वेळ जुन्या गोष्टी निघाल्या. मग ताईंनी विचारलं की काका, इथे कसं वाटतं, धंदा कसा आहे, उजेड पुरतो का. काका म्हणाले, छान आहे. डोक्यावर छप्पर आहे, आणखी काय पाहिजे. छत्रीवाला म्हणाला, छान आहे. किल्लीवाल्यानं तर ताईंना एक किल्लीची साखळी भेट दिली.

अहवाल झकास झाला. त्यात ताईंनी आपणहून एक वाक्य घातलं, की आधीच्या भेटीतली उत्तरं ही विचारणाऱ्याच्या रूक्ष वागण्यामुळे आलेली दिसतात. साहेबांना ते वाक्य फार आवडलं. दुसरं भवन मंजूर झालं, मोठ्या रस्त्यावर बसायला कायमची बंदी आली, आणि एरंडेलला नोकरीत पुढची मुदत मिळाली नाही. तो गेला त्या दिवशी ताई सुट्टीवर होत्या. त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही.

पुढे नवऱ्याच्या कोटाला खिळ्यात अडकून चीर गेली, तेव्हा ताई कोट घेऊन भवनात गेल्या. कागद नव्हते, काम नव्हतं, साधं गिऱ्हाईक म्हणून. बहुतेक शटरं खाली होती. काकांच्या शटरवर धूळ बसली होती. चपला शिवणारा तेवढा आपल्या गाळ्यात बसून स्वतःचीच चप्पल शिवत होता. ताईंनी विचारलं, काका कुठे गेले. तो म्हणाला, घरी. मग त्यानं सुई खाली ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. ट्यूबलाइटमध्ये काळा आणि गडद निळा सारखाच दिसतो. काकांनी कुणाच्या काळ्या कोटाला निळ्या धाग्यानं रफू केलं. गिऱ्हाइकानं उन्हात नेऊन बघितलं आणि परत येऊन सगळ्यांदेखत कोट त्यांच्या अंगावर टाकला. दुसऱ्या दिवसापासून काका आले नाहीत.

"पण त्यांनी मला उजेड चांगला आहे म्हणून सांगितलं," ताई म्हणाल्या.

"सांगणारच. आम्ही त्या आंबट तोंडाच्या माणसाला सगळं सांगितलं होतं, ताई. त्याची भीड कसली? तुटक्या चपलेनं दोन जिने चढून कोण येणार, आणि धड चपलेचा माणूस माझ्याकडे कशाला येईल, हे मीच त्याला लिहायला लावलं." त्यानं मान खाली घातली. "तुम्ही आलात, आईचं दुखणं विचारलंत. तुम्हाला तोंडावर वाईट कसं सांगणार? भीड भिकेची बहीण म्हणतात ना, ते आमचं झालं."

ताईंनी त्याला विचारलं, हेच कागदावर सांगाल का. तो नाही म्हणाला. ताईंना पहिल्यांदाच कुणी सरळ नाही म्हणालं. गाळा काढून घेतला तर आता बाहेर बसायचीही सोय नाही, असं तो म्हणाला आणि पुन्हा शिवायला लागला.

त्या रात्रभर ताईंना आपलीच लाज वाटत राहिली. सकाळी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि आपली पाहणी चुकली, दुसरं भवन थांबवा, असं म्हणाल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, लोकांनी छान आहे सांगितलं, तुम्हीच लिहून आणलंत. आता तुमच्या मनात आलं म्हणून हॉस्पिटलबाहेरचं काम थांबणार नाही. त्याच माणसांपैकी कुणाचं नव्यानं म्हणणं आणा, म्हणजे बैठकीपुढे ठेवतो. ताईंना एरंडेलची आठवण झाली. त्याला पाठवता आलं असतं तर त्यानं दारातच उभं राहून अर्ध्या तासात सगळं खरं आणलं असतं. तो आता कुठे असतो हे कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, आणि विचारपूस करणं हे तर ताईंचं कामच.

राहिले रफूवाले काका. त्यांचा गाळाच सुटला होता, म्हणजे त्यांना भ्यायचं कारण नव्हतं. त्यांनी एकदा खरं सांगितलं की हॉस्पिटलबाहेरचे लोक आपापल्या जागी राहणार होते. संध्याकाळी ताई त्यांच्या मुलाच्या घरी गेल्या.

काका खिडकीशी बसले होते. हात मांडीवर मोकळे होते. सुनेनं पाणी आणलं. काका हसून म्हणाले, बरं चाललंय, मुलगा बघतो, आता या वयात कुठे डोळे फोडायचे. ताईंनी त्या निळ्या धाग्याची गोष्ट काढली नाही, त्यांच्यानं निघालीच नाही. या खेपेला आईबापांची, गुडघ्यांची चौकशी करायची नाही असं त्या ठरवून आल्या होत्या. एरंडेलसारखं वागायचं. म्हणून त्यांनी लगेच कागद काढला आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, की काका, भवनाबद्दल पुन्हा विचारायचंय, साहेबांनी नवं म्हणणं मागितलंय.

काकांनी कागदाकडे बघितलं, मग ताईंच्या तोंडाकडे. आवाज कसाही काढला तरी ताईंचा चेहरा ताईंचाच होता, आणि तो रडवेला झाला होता. काका खुर्चीत सावरून बसले. सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुढे वाकून म्हणाले, "साहेब रागावलेत का तुझ्यावर?"

"नाही हो, काका."

"मग सांग ना, या वेळी काय पाहिजे त्यांना? चांगलं की वाईट? तू म्हणशील तसं सांगतो मी. तुझं अडायला नको, पोरी."

ताईंच्या हातात पेन उघडं होतं. काका वाट बघत होते. त्यांनी आता उजेडाचं सांगितलं असतं, गिऱ्हाइकाचं सांगितलं असतं, त्या कोटाचंसुद्धा सांगितलं असतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा असता. पण तो त्यांनी ताईंसाठी सांगितला असता.