वन्संना मिळालेला शब्द

दुपारची भांडी आवरून मी केतकीशेजारी आडवी होते. ती भिंतीकडे तोंड करून बसल्या जागी झुलते आहे, एका लयीत, आणि तिच्याबरोबर पलंग कुरकुरतो. त्या कुरकुरीतच माझे डोळे मिटतात.

ओट्यापाशी वन्सं मटार सोलत बसल्या आहेत. माझी थोरली नणंद. त्यांना जाऊन चार महिने झालेत. हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही माहीत असावं.

"किती वाळलीस गं, वृंदा," त्या म्हणतात.

मी चहा विचारत नाही.

माझी केतकी नऊ वर्षांची आहे. बोलत नाही. आधी तिचे कान तपासून झाले, मग मीच फार टीव्ही दाखवला असेल असं शेजारणींचं ठरलं. मुलींचं लवकर लक्षात येत नाही म्हणे. 'शांत आहे, गुणी आहे' म्हणता म्हणता पाच वर्षं गेली, तेव्हा कुठे डॉक्टरांनी ऑटिझम म्हटलं. आजवर ती एकच शब्द बोलली आहे. एकदाच. वन्संकडे बघत.

"आत्या."

सालींचा ढीग वाढत जातो आणि आम्ही डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर असतो. भिंतीभर मुलांनी काढलेली चित्रं आहेत. दार कुठेच नाही.

"शंभरात एखादं मूल असतं असं, म्हणाले होते ना?" वन्सं विचारतात.

"हो."

"मग ते आमच्याच घरी का, असं तू विचारलंस त्यांना."

"तुम्ही नाही विचारलंत?"

"मी विचारलं, तिला कुकरची शिट्टी का सोसत नाही."

आणि त्या दिवसापासून वरणभात त्यांच्या घरून डब्यात यायला लागला. म्हणजे तिथेही त्याच पुढे.

"तिच्याजवळ बसून काय सांगायचात तुम्ही?"

"काही नाही. नुसती बसायचे. मला तिच्याकडून काही नको असायचं."

"तुम्हाला परवडायचं ते!" माझा आवाज चढतो. "संध्याकाळी चपला घालून तुम्ही आपल्या घरी जायचात. तिचा मार मी खायचे, जागरणं माझी. आणि शब्द तुम्हाला?"

"खरं आहे," वन्सं म्हणतात.

बाकाखाली पाणी येतं. हा कृष्णेचा घाट आहे, पण पाण्यावर आमच्या घरातल्या फरश्या तरंगताहेत. वन्सं पदर खोचून पायऱ्या उतरतात.

"काही नको असायचं, हे खोटं. जाताना मी रोज फाटकाशी वळून बघायचे," त्या म्हणतात. "वाटायचं, एकदा तरी माझ्यामागे रडेल. नाही रडली. तू मात्र नुसती भाजी आणायला गेलीस तरी ती भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. मी आपली सारखी म्हणत बसायचे, आत्या आहे ना, आत्या आहे ना. दिवसातून शंभरदा. तेच तिनं एकदा परत म्हटलं, वृंदा. कानावर पडलेलं. तुम्ही सगळे म्हणालात, हाक मारली. मीही म्हणू दिलं."

"मला कधी बोलला नाहीत!"

"कशी बोलणार? मला तेवढंच तर मिळालं होतं."

आता मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. नुसता प्रतिध्वनी का असेना, तो मलाच हवा आहे अजून. मी त्यांच्यामागे उतरते, भांडायला. पाणी गुडघ्याला लागतं, आणि मागून कुणीतरी माझा हात धरतं. घट्ट. मला वर ओढतं.

डोळे उघडतात. केतकी तशीच भिंतीकडे तोंड करून झुलते आहे. माझ्याकडे बघत नाही. माझ्या मनगटाच्या जरा वर नखांच्या चार चंद्रकोरी उमटल्या आहेत. इवल्याशा, अजून लाल.

समोर वन्संचा हार घातलेला फोटो आहे. मी दुसऱ्या हातानं त्या खुणा झाकून घेते.