जानेवारीतला आकाशकंदील

“प्लाटिने बदल आणि मोकळी हो,” शेफ, म्हणजे इथल्या भाषेत आमचे साहेब, फोनवर म्हणाले.

प्लाटिने म्हणजे हीटिंगचं कंट्रोल बोर्ड, त्याचा मेंदूच. जर्मनीत हॅनोव्हरजवळ कुलकर्णी काकांच्या तळघरात मी नवं बोर्ड घेऊन उभी होते. हीटिंग रोज संध्याकाळी बंद पडायचं आणि सकाळी आपोआप सुरू व्हायचं. आमचे दोन सहकारी दिवसा येऊन गेले होते. तेव्हा मशीन अगदी शहाण्यासारखं चाललं.

मी इचलकरंजीची, हे काम इथे शिकले. मोजल्याशिवाय पार्ट बदलणं मला पटत नाही. व्होल्टेज बरोबर होतं, ठिणगी पडत होती, तारा घट्ट होत्या. म्हटलं, अंधार पडेपर्यंत थांबते.

काकांना आनंदच झाला. काकू गेल्यापासून ते एकटे राहतात. कानटोपी आणि दोन स्वेटर घालून त्यांनी चहा टाकला.

“शनिवारी मुलगा येतोय, रोहन, तिकडे दक्षिणेतल्या झिंडेलफिंगेनहून. दिवाळीला येणार होता, मग ख्रिसमसला. आता येतोय तर घर गार नको गं.”

दिवेलागणीला काका उठले, दाराजवळचं एक बटण दाबून आले. थोड्या वेळाने खाली बर्नर बंद पडला. मी धावत गेले. स्क्रीनवर बाहेरचं तापमान बावीस! आणि माझ्या गाडीच्या काचेवर तर बर्फ साचलं होतं.

घराच्या बाहेरच्या भिंतीवर एक छोटा सेन्सर असतो. बाहेर थंडी किती, हे तो हीटिंगला कळवतो. उन्हाळा आहे असं कळलं की हीटिंग झोपी जातं.

टॉर्च घेऊन बाहेर गेले. दारावर कामट्यांचा आकाशकंदील झगमगत होता. त्याच्या बरोबर वर सेन्सर. कंदिलात पुण्याहून आणलेला जुना पिवळा बल्ब, चांगलाच तापणारा.

“काका, जानेवारीत कंदील?”

“रोहन आला की उतरवणार. लहानपणी कागद तोच चिकटवायचा.”

“मग जरा पलीकडे टांगू.”

“नाही. बस स्टॉपवरून वळलं की इथलाच दिसतो. इथेच हवा.”

“मग बसा कुडकुडत!”

“बसतो.”

मला राग आला होता, पण तो टिकला नाही. दिवाळीला घरी जाऊन मला किती वर्षं झाली! माझ्या वाटेवर असा दिवा कोण ठेवत असेल? मी शिडी आणली, नवी वायर ओढली आणि सेन्सर उत्तरेच्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीवर नेला. खरं तर तो तिथेच असायला हवा होता. स्क्रीनवर उणे तीन आलं. बर्नर पेटला. काका रेडिएटरवर हात ठेवून उभे राहिले.

“कंदील हलवणं दोन मिनिटांचं काम होतं,” नंतर फोनवर शेफ म्हणाले.

“या, गेनाऊ, अगदी बरोबर,” मी म्हटलं. “पण तो हलणारा नव्हता.”

सोमवारी मी काकांना फोन केला.

“घर मस्त गरम आहे गं.”

“आणि रोहन?”

“त्याला काम निघालं. पुढच्या महिन्यात नक्की म्हणालाय.”

कंदिलाचं मी विचारलंच नाही.

तेव्हापासून बोर्डाला हात लावण्याआधी मी बाहेर एक चक्कर मारते. सेन्सर खोटं बोलत नव्हता. तो होता तिथे खरंच ऊब होती. थंडी बाकीच्या घरात होती.