मोगऱ्याची माती आणि गळ्यातलं मीटर

मोखाड्याच्या बाजारात ती रोपं विकायला बसते. चाळिशीची असेल, नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यात काळ्या दोरीला पेनाएवढं मीटर, मातीचा आंबटपणा मोजायचं.

माझा मोगरा पिवळा पडत चालला होता, आणि कळ्या विकूनच तर माझं घर चालतं. पुतणीनं मोबाइलवरून मागवलेलं तसलंच मीटर मी मातीत खुपसायची, तर दर वेळी नवाच आकडा! शेवटी मातीची पिशवी नि मीटर घेऊन तिच्यापुढे बसले.

"अगं आजी, हे पाण्यात बुडवायचं असतं! मातीत खुपसून जीव घेशील त्याचा," ती खो खो हसली.

तिनं टोक विसळलं, फडक्यानं अलगद टिपलं आणि एका बाटलीतल्या पाण्यात धरलं. "ह्या पाण्याचा आकडा सात, ठरलेला. आधी मीटरला खरं काय ते दाखवायचं, मग आपलं विचारायचं."

मग माझी माती शुद्ध पाण्यात कालवून, निवळल्यावर मोजली. आठाच्या वर!

"घालतेस काय, आजी?"

"चुलीची राख, रोज. नाचणीच्या रोपांना पालापाचोळा जाळून राब भाजतो, ती राख चालतेच की!"

"मोगऱ्याला नाही चालत. त्याला जरा आंबट माती लागते, सातच्या खालची; राखेनं आकडा वर चढतो. बंद कर, शेणखत घाल."

राग आला खरा, पण ऐकलं. दोन-तीन महिन्यांत हिरवी पानं फुटली, कळ्याही धरल्या. मी गजरा करून नेला. तो माळत ती गिऱ्हाइकाला म्हणाली, "ह्या आजीचा मोगरा. नुसत्या लाडानं मरत होता."