नवरोजचं हिरवं ताट

आखातातल्या सूक वाकिफ या जुन्या बाजारातल्या त्या म्हाताऱ्या इराणी मसालेवाल्याचं नाव मला ठाऊक नाही. नवरोजला, म्हणजे वसंताच्या पहिल्या दिवशी, दुकानात हिरवं ताट हवं म्हणून तो दरवर्षी ताटात गहू पेरायचा. यंदा ते कुजले आणि हाती आठच दिवस उरले.

"चाचा, खलास! सोडा ते आगपूजकांचे सण," शेजारचा दुकानदार हसला.

"हा सूर्याचा सण आहे, तुझ्यामाझ्या धर्माहून जुना," म्हातारा म्हणाला आणि त्याने पुन्हा गहू भिजवले.

मी त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक; तिथेच त्याची बाजू घेतली. त्याला आईची घटस्थापनेची रीत सांगितली: पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं.

नवरोजला चार बोटं उंच हिरवंगार ताट डोक्यावर धरून तो अख्ख्या गल्लीतून मिरवला.

शेजारी हळूच म्हणाला, "चाचा, पुढच्या वर्षी माझंही एक लावा."

"दोन लावू. एक कुजतंच!"